लेनबाईंच्या मेहनतीचे श्रेय रक्ताला कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतील ब्रिटिश जॅझ गायिका क्लिओ लेन यांच्यावरचा लेख वाचला. जॅझ गाणाऱ्या बाईंसाठी मराठी वर्तमानपत्राने अर्धे पान द्यावे हे दुर्मीळच, त्याबद्दल आपले मनापासून आभार. पण लेख वाचता वाचता जो संताप आला, तो आज सकाळपर्यंत उतरला नाही. म्हणून हे पत्र.

‘वडील जमैकाचे असल्याने जॅझ त्यांच्या रक्तातच होते’ हा मुद्दा आपल्या लेखकांनी शब्द फिरवून पुन्हा पुन्हा मांडला आहे. आईचा उल्लेख ‘गोरी इंग्रज स्त्री’ एवढ्यावरच आटोपला. १९२७ साली लंडनजवळच्या साउथॉलमध्ये जन्मलेल्या या मुलीला लहानपणीच गाण्याच्या आणि नाचाच्या शिकवणीला घातले ते त्या आईने, स्विंडनकडच्या शेतकऱ्याच्या लेकीने. वडील बांधकामावर मजुरी करत आणि रस्त्यावर गाऊन चार पैसे मिळवत. त्यांचेही ऋण आहेच. पण भर रस्त्यात उभे राहून गाणे हेसुद्धा कष्टाचे काम आहे, ते जन्मतः येत नाही.

पुढे या मुलीने केस कापण्याच्या दुकानात उमेदवारी केली, टोप्या सजवल्या, वाचनालयात आणि सावकारी पेढीवर नोकरी केली. १९५१ मध्ये जॉन डँकवर्थ या वादकाच्या, म्हणजे पुढे तिचे दुसरे पती झालेल्यांच्या, बँडपुढे गाऊन दाखवायला गेली तेव्हा तिचे लग्न झालेले होते, पदरी लहान मुलगा होता. आठवड्याला सहा पौंड देऊ केले तर तिने सात मागितले आणि मिळवले. आपल्या लेखात हा सगळा काळ ‘काही किरकोळ नोकऱ्या केल्यानंतर’ एवढ्या शब्दांत संपतो, आणि डँकवर्थ यांनी ‘हिरा शोधला’ यावर मात्र दोन परिच्छेद खर्ची पडतात.

मला हे इतके का झोंबले ते सांगते. माझी मुलगी इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला असते. जावयांचे आईवडील जमैकाहून तिथे आलेले. नातीला मी गाणे शिकवते. मी तिथे असले की समोर बसून, इथे असले की फोनवर. सुरुवातीला तिचा तानपुऱ्याशी षड्ज जुळेना, रडायची, पुन्हा बसायची. खर्जात श्वास पुरत नसे, तर रोज उठून नुसता ‘सा’ धरून ठेवायची. तिथल्या मराठी मंडळींच्या एका कार्यक्रमात तिने अभंग गायला, लयीत कुठेही न डगमगता. खाली उतरली तर एक सुशिक्षित गृहस्थ कौतुकाने म्हणाले, “ताल काय, बापाकडूनच आला असणार! यांच्या अंगातच असतो.” पोरीचा चेहरा उतरला. आमचे जावई सज्जन माणूस, पण त्यांना साधी टाळी समेवर देता येत नाही. तिचा ताल तिच्या मांडीवर थाप देऊन देऊन पक्का झालाय, मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. त्या गृहस्थांना मी तिथल्या तिथे सुनावले. घरी येताना गाडीत नात म्हणाली, “आजी, मग मी रोज बसते ते कशाला?” तोच प्रश्न मी आज आपल्याला विचारते आहे.

त्याच मुक्कामात मुलगी मला जवळच्या वेव्हेंडनला ‘द स्टेबल्स’मध्ये घेऊन गेली होती. लेनबाई आणि डँकवर्थ यांनी आपल्या घराच्या आवारातल्या तबेल्यात १९७० साली सुरू केलेले हे सभागृह. आपल्या लेखात त्याचे नावही नाही! बाईंची सत्तरी तेव्हा उलटून गेली होती. डँकवर्थ क्लॅरिनेटवर झपाट्याने खाली-वर जात होते आणि त्या शब्दांवाचून, नुसत्या आवाजाने, स्वराला स्वर लावून बरोबर धावत होत्या. तोंडासमोरचा माइक वरच्या स्वराला किंचित दूर, खालच्या स्वराला पुन्हा जवळ. एकही श्वास ऐकू आला नाही. मी आयुष्यभर गाणे शिकवले आहे, हे किती घासल्यावर येते ते मला ठाऊक आहे.

६ फेब्रुवारी २०१० रोजी, याच सभागृहाच्या चाळिसाव्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमाच्या दिवशी डँकवर्थ गेले. बाई आणि त्यांची मुले संध्याकाळी ठरल्याप्रमाणे रंगमंचावर उभी राहिली आणि ही बातमी त्यांनी कार्यक्रमाच्या शेवटी सांगितली. आपल्या लेखकांना त्यात फक्त ‘पतिप्रेम’ दिसले. तसा आघात झालेला असताना सूर जागेवर ठेवायला किती ताबा लागतो, हे लिहिणाऱ्याला सुचले नाही.

मिश्र वारशाबद्दलच लिहायचे होते तर ‘शो बोट’बद्दल लिहायचे. ‘एका संगीतिकेतही काम केले’ असे म्हणून लेख पुढे सरकतो. १९७१ मध्ये लंडनच्या अडेल्फी थिएटरमध्ये त्यांनी त्यात ज्युली साकारली. ज्युली ही मिसिसिपी नदीवरच्या नाटकाच्या बोटीवरची नटी, मिश्र वंशाची. ते उघड होताच तिला आणि तिच्या गोऱ्या नवऱ्याला बोट सोडावी लागते. १९५१ च्या हॉलीवूडपटात ही भूमिका एव्हा गार्डनर या गोऱ्या नटीकडे गेली होती. जमैकन बाप आणि इंग्रज आई असलेल्या गायिकेने ज्युली उभी करण्यात केवढा अर्थ होता! रक्ताचा मुद्दा खरोखर जिथे येतो, नेमके तेच गाळले.

आणि जॅझ ‘रक्तातच’ असेल, तर शेक्सपिअरचे काय? त्याच्या ओळी जॅझमध्ये गाऊन बाईंनी १९६४ मध्ये अख्खी ध्वनिमुद्रिका काढली. शोनबर्ग या पाश्चात्त्य अभिजात संगीतकाराची ‘पिएरो लुनेर’ तर अर्धी बोलायची, अर्धी गायची, भल्याभल्यांना घाम फोडणारी रचना. तीही त्या गायल्या. जॅझ, लोकप्रिय आणि पाश्चात्त्य अभिजात अशा तिन्ही विभागांत ग्रॅमी या अमेरिकेतल्या मानाच्या संगीत पुरस्काराची नामांकने मिळवणारी स्त्री त्यांच्याखेरीज दुसरी नाही. त्यातले जॅझचे ग्रॅमी त्यांनी १९८६ मध्ये जिंकले. १९९७ मध्ये ‘डेम’ झाल्या, म्हणजे ब्रिटनमध्ये पुरुषांना ‘सर’ तसा स्त्रियांना मिळणारा किताब. मग शेक्सपिअर आईच्या रक्तातून आला, असे कोणी का लिहीत नाही?

लेखासोबतच्या छायाचित्रात डँकवर्थ सॅक्सोफोनसह पूर्ण दिसतात आणि बाईंचा अर्धा चेहरा कापला गेला आहे. लेख त्यांच्यावर होता. पुढच्या रविवारी त्यांचे एकटीचे, गातानाचे छायाचित्र छापावे आणि ‘शो बोट’ व ‘द स्टेबल्स’ यांची माहिती त्याखाली द्यावी, ही विनंती. जागा नाही असे सांगू नये. रविवारचे संगीताचे सदर आपण जाहिरातींसाठी पाव पानावर आणले आहे, त्याबद्दल पूर्वीही लिहिले होते, उत्तर आलेले नाही. ते सदर पुन्हा पूर्ण जागेत सुरू करावे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त संगीतशिक्षिका