तात्यांना, ओमनीच्या मागच्या शॉकअपबद्दल

तीर्थस्वरूप तात्या,

साष्टांग नमस्कार.

गाडीचे मागचे शॉकअप, म्हणजे हेलकावे जिरवणारी नळकांडी, बदलून आता अख्खा पावसाळा उलटला. तुमचे आभार मानायला घरी आले की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणता आणि आंब्याच्या कलमांचा विषय काढता. म्हणून लिहितेय. आणि चारचौघांनी वाचावं असंच लिहितेय, कारण तुम्ही जे शिकवलंत ते आपल्या वाडीतल्या प्रत्येक गाडीवाल्याच्या कामाचं आहे.

आईच्या मणक्याचं तुम्हाला ठाऊकच आहे. तिला चिपळूणला डॉक्टरांकडे न्यायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून ती गप्प व्हायची. एका खड्ड्यातून गाडी बाहेर पडली तरी मागची बाजू पुढच्या खड्ड्यापर्यंत हेलकावत राहायची. गॅरेजमध्ये सांगितलं होतं, पाटे (मागच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बदला, सगळा सेट घाला. खर्चाचा आकडा ऐकून आम्ही परत आलो होतो.

तुम्ही खळ्यात आलात, मागच्या बंपरवर दोन्ही हात ठेवून सगळा भार दिलात आणि एकदम सोडलंत. गाडी एकदा वर येऊन स्थिरावायला हवी होती, ती नाचतच राहिली. मग मला म्हणालात, “खाली वाकून शॉकअपला बोट लाव.” बोटाला तेल आणि जांभ्याची लाल धूळ यांचा घट्ट थर आला. “पाट्यांना काही झालेलं नाही. तेल गेलंय.” टायरवरून तळहात फिरवायला लावलात तेव्हा रबर जागोजागी खोलगट झिजलेलं हाताला कळलं. रोज बघत होते ते टायर, पण असं कधी तपासलं नव्हतं कुणीच.

गाडीचं वजन पाटे पेलतात, शॉकअप पेलत नाही, हे मला तुमच्याकडून कळलं. हलत्या झोपाळ्याला आपण पाय टेकून थांबवतो, तेवढंच त्याचं काम. आत नळीत तेल असतं, पिस्टनला बारीक भोकं असतात, त्यातून तेलाला रेटून जावं लागतं आणि हेलकाव्याचा जोर त्यात उष्णता होऊन जिरतो. तेल अडवणारं रबरी सील फाटलं, तेल गळलं की जिरवायला काही उरत नाही. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस हे इतकं सोपं करून सांगतो आणि मग पाना स्वतःच्या हातात न घेता माझ्या हातात देतो, यासाठी मला तुमचे सर्वात जास्त आभार मानायचे आहेत. मी नटाशी झटत होते तेव्हा तुम्ही हात पाठीमागे बांधून उभे होतात. तुम्ही केलं असतंत तर निम्म्या वेळात झालं असतं.

आदल्या संध्याकाळी तुम्ही फक्त नट ब्रशने घासून त्यांवर गंज सोडवायचं तेल मारायला सांगितलंत. आपल्याकडच्या पावसात आणि खाडीच्या हवेत खालचा नट बोल्टाशी एकजीव झालेला असतो. कोणीतरी गॅसची ज्योत लावा म्हणालं, त्याला तुम्ही चांगलंच झापलंत. पेट्रोलची टाकी आणि तेलाचा शॉकअप इतक्या जवळ असताना ज्योत पेटवायची नाही. सकाळी पुन्हा तेल मारलं, बॉक्स पान्याच्या दांड्यात लांब पाईप घातला आणि हळूहळू भार दिला. आधी काहीच नाही. मग ‘करकर’ असा कोरडा आवाज आला आणि नट पाव आटा फिरला. तो आवाज मी विसरणार नाही.

उंच केलेल्या गाडीखाली जाण्याआधी तुम्ही जे करायला लावलंत ते मात्र सगळ्यांसाठी स्पष्ट लिहिते. जागा सपाट. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड, गाडी पहिल्या गिअरमध्ये. जॅकखाली जाड फळी, नाहीतर मऊ मातीत तो रुततो. आणि गाडी उचलून झाली की चासीखाली लोखंडी स्टँड. “जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नव्हे,” असं तुम्ही मला किती वेळा म्हणालात! शेजारून चिरे आणून दिले होते, ते तुम्ही परत पाठवलेत. आपल्याकडे चिऱ्यांवर गाडी टेकवणारे पुष्कळ आहेत. पण चिरा भाराखाली आधी न सांगता फुटतो आणि त्याखाली माणूस असतो. दुसरा जॅक तुम्ही अॅक्सलखाली, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आसाखाली, नुसता टेकवून ठेवायला लावलात, कारण शॉकअप सुटला की अॅक्सल खाली लोंबतो आणि ब्रेकचा रबरी पाईप ताणला जातो.

जुना शॉकअप निघाल्यावर तो दाबून बघायला दिलात. हाताने सहज आत गेला आणि आतच पडून राहिला. नवा उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबायला-ओढायला लावलात, आतली हवा निघावी म्हणून. प्रत्येक वेळी तो विरोध करत होता, एकसारखा. त्याच्या चकचकीत दांड्याला पक्कड लावायची नाही हेही सांगितलंत, एक ओरखडा आला तरी सील कापतं. एकच बाजू गळत होती, तरी दोन्ही एकदम बदलायला लावलेत. आणि शेवटचा पेच गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच आवळायचा, चाकं लोंबत असताना आवळला तर शॉकअपच्या टोकाला बसणाऱ्या बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं. यूट्यूबवर मी बघितलेल्या व्हिडिओंत हे कुणीच सांगितलं नव्हतं.

पुढचे शॉकअपही घरी करू का, असं मी हुरूप येऊन विचारलं, तेव्हा तुम्ही सरळ ‘नाही’ म्हणालात. ओमनीला पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच स्ट्रटमध्ये असतात. स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय वरचा नट सोडला तर ती उसळून माणसाचा जीव घेऊ शकते. ते काम स्प्रिंग दाबायचा प्रेस असलेल्या गॅरेजचं. आपलं काम जिथे संपतं ते इतक्या शांतपणे दाखवून देणारा माणूस मी क्वचित पाहिला आहे. त्या ‘नाही’बद्दलही आभार.

ओमनी 2019 साली बंद झाली, पण सुटे भाग मिळतात तोवर आमची चालवायची आहे. परवा चिपळूणच्या वाटेवर आई सावर्ड्याच्या पुढे गाडीत चक्क झोपली होती. तुमच्या सांगण्याप्रमाणे थोडी गाडी चालल्यावर नट पुन्हा तपासले, जागेवर आहेत.

आता मागच्या ड्रममधले ब्रेक लायनर बघायचे आहेत. स्टँड, पाने सगळं खळ्याच्या कोपऱ्यात आहे. भातकापणीतून सवड झाली की निरोप द्या, मी गाडी काढून ठेवते.

तुमची,
वरच्या आळीतली ओमनीवाली