रेंगर-पाट्श यांना एका पुस्तकावरून तोलू नये

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीत दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या जर्मन छायाचित्रकलेवरील लेख वाचला. लेख अभ्यासपूर्ण आहे. मात्र त्यात आल्बर्ट रेंगर-पाट्श यांची ‘जगात सगळे सुंदरच पाहणारा छायाचित्रकार’ अशी एका वाक्यात केलेली बोळवण पटली नाही.

हा शिक्का त्यांच्यावर बसला तो १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जग सुंदर आहे’ या शंभर छायाचित्रांच्या पुस्तकामुळे. त्यांना स्वतःला या पुस्तकाला ‘वस्तू’ एवढेच नाव हवे होते, आणि त्यांच्या कामाशी तेच जुळते. जर्मनीतील आल्फेल्ड गावच्या फागुस कारखान्यात त्यांनी बूट बनवताना लागणाऱ्या इस्त्र्यांचे छायाचित्र घेतले. एकाच घाटाच्या इस्त्र्या दाटीने ओळीत उभ्या आहेत, धातूवर प्रकाश सरकतो आहे आणि चित्रात बाकी काहीच नाही. चित्रकलेची नक्कल करणारा धूसरपणा त्यांना मान्य नव्हता. समोरची वस्तू तिच्या पोतासह जशीच्या तशी यावी, एवढाच त्यांचा आग्रह होता.

अशा छायाचित्रणातून वस्तू दिमाखदार दिसते, पण तिच्यामागचे मानवी संबंध दिसत नाहीत, असा आक्षेप जर्मन विचारवंत आणि समीक्षक वाल्टर बेन्यामिन यांनी १९३१ साली घेतला होता. त्याच वर्षी आलेल्या रेंगर-पाट्श यांच्या ‘लोखंड आणि पोलाद’ या पुस्तकाला तो आक्षेप माझ्या मते बऱ्याच अंशी लागू पडतो, हे मान्य करायलाच हवे. पण १९२७ ते १९३५ या काळात, कोणी काम सोपवलेले नसताना, केवळ स्वतःच्या ओढीने त्यांनी रुर खोऱ्यात, म्हणजे जर्मनीच्या कोळसा-पोलाद पट्ट्यात, जी छायाचित्रे घेतली, त्यांचे काय? कामगार वस्त्यांची परसदारे, कुंपणातले भाजीचे वाफे, आणि त्यांच्या पाठीशी खाणींचे मनोरे व खाणीतून उपसलेल्या दगडमातीचे डोंगर. माणूस क्वचितच दिसतो, तरी शेती मागे सारत कारखानदारी कशी घराच्या उंबऱ्याशी येऊन ठेपली, ते या चित्रांत जितके स्वच्छ दिसते तितके मला अन्यत्र दिसलेले नाही. दुर्दैवाने ही मालिका पुस्तकरूपाने आली ती त्यांच्या निधनानंतर, १९८२ मध्ये. त्यामुळे समकालीन टीकाकारांचा निवाडा तिच्याविनाच झाला. आज तोच निवाडा पुन्हा सांगण्याचे कारण उरलेले नाही.

१९४४ च्या बॉम्बहल्ल्यात रुर भागातल्या एसेन शहरातील त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला. त्यानंतर वामेल या खेड्यात स्थायिक होऊन त्यांनी झाडे आणि खडक यांवर काम केले. ‘झाडे’ (१९६२) आणि ‘खडक’ (१९६६) ही पुस्तके त्यातूनच आली. लेखात यांचाही उल्लेख नाही.

या विषयावर पुन्हा लेख घेणार असाल, तर रुर मालिकेतील एखादे छायाचित्र पानभर छापावे, ही विनंती. लहान चौकटीत त्यातले तपशील हरवून जातात.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे