दुसऱ्या किटलीचे आभार

दक्षिण मुंबईतल्या हॉटेलात दुपारचा चहा सांभाळणाऱ्या दादांना,
स. न. वि. वि.

तुमच्या कोटावरच्या पट्टीवर नाव होतं, पण चारचौघांत ते लिहिलेलं तुम्हाला आवडेल की नाही, ठाऊक नाही. म्हणून नुसतं दादा.

दार्जिलिंगची किटली टेबलावर ठेवून तुम्ही नाहीसे झाला नाहीत. तीन मिनिटांनी परत आलात, सगळा चहा गाळून दुसऱ्या किटलीत ओतलात, तीही आधी गरम पाण्याने विसळून आणलेली, आणि ओली पत्ती घेऊन गेलात. कोणी सांगितलं नव्हतं. हे पत्र त्या दुसऱ्या किटलीसाठी आहे.

चहा तिथेच बिघडतो, आणि भारी भारी ठिकाणी बिघडतो. साधारण 400 मिली पाण्यात 5 ग्रॅम पत्ती, म्हणजे दोन कपांचा हिशेब. पहिला कप ओतला की उरलेलं पाणी पत्तीवर तसंच मुरत बसतं. आपला उकळलेला चहा दूध-साखरेच्या जोरावर तो तुरटपणा पचवतो. दार्जिलिंगचा पहिल्या खुडणीचा, फेब्रुवारीअखेर ते एप्रिलचा चहा बिनदुधाचाच प्यायचा असतो, त्याला लपायला जागाच नसते. दहाव्या मिनिटाला दुसरा कप जिभेला घट्ट धरतो. मग माणूस म्हणतो, ‘दार्जिलिंग कडूच असतो बुवा.’ नसतो. तो पत्तीत सोडून दिलेला असतो.

पाणीही तुम्ही नीट आणलंत: दार्जिलिंगला आधण आल्यावर जरा निवू दिलेलं, नव्वदच्या आसपास, आणि शेजारच्या टेबलावरच्या आसामला खळखळतं. आसामला चार-पाच मिनिटं आणि दूध, दोन्ही मानवतं. ‘दूध हवं का?’ हे तुम्ही पहिला घोट घेतल्यावर विचारलंत, आधी नाही.

आता थोडं मनातलं. याच शहरात, याहून महागड्या एका ठिकाणी, बशीत कोरडी डिप-डिपची पिशवी आणि शेजारी कोमट पाण्याचा थर्मास मिळतो. थंड चिनी मातीच्या कपात ते पाणी पडलं की उरलीसुरली धगही जाते, मग पिशवी कितीही बुचकळा, रंग येतो, चव येत नाही. तिथली तीन मजली तबकडी मात्र फोटोसाठी सुरेख. सँडविचच्या कडा एसीच्या वाऱ्याने वळलेल्या, आत काकडीच्या पाण्याने पाव भिजलेला. कोशिंबिरीला मीठ आधी लावलं की पाणी सुटतं हे ज्या शहरात घराघरांत माहीत आहे, तिथे ही गत! चकत्यांना मीठ लावून पंधरा-वीस मिनिटं चाळणीत ठेवायच्या, टिपून घ्यायच्या, आणि लोणी पावाच्या अगदी कडेपर्यंत फासायचं. पाणी पावात शिरू नये म्हणून ते लोणी असतं. तुमच्या मुदपाकखान्यात हे कुणीतरी रोज करतं, त्यांनाही सांगा.

स्कोनचंही, म्हणजे चहासोबतच्या त्या छोट्या खुसखुशीत पावाचंही, तसंच. सगळं एकदम मांडलं की सँडविच संपेपर्यंत स्कोन गार होतो. तुम्ही ते नंतर, नॅपकिनमध्ये गुंडाळून गरम आणलेत. हाताने उकलले, सुरी लागली नाही. पीठ जास्त न मळल्याची खूण ती. आणि क्लॉटेड क्रीम म्हणून फेटलेल्या क्रीमचा फुगा दिला नाहीत. ती मंद आचेवर तापवून जमवलेली दाट सायच असते, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या अस्सल मालात किमान 55 टक्के स्निग्धांश. सायीवर वाढलेल्या माणसाला कळत नाही असं वाटतं की काय या लोकांना? (आधी जॅम की आधी क्रीम, हे भांडण डेव्हन आणि कॉर्नवॉल या शेजाऱ्यांनी मिटवावं. आपण खावं.)

मेन्यूवर ‘हाय टी’ लिहिलंय, तेवढं बदलता आलं तर बघा. ब्रिटनमध्ये हाय टी म्हणजे कामकरी माणसांचं संध्याकाळचं पोटभर जेवण, मांसाचा पदार्थ वगैरे. तुम्ही देता तो दुपारचा चहा, 1840च्या दशकात बेडफर्डच्या डचेसने रूढ केला म्हणतात तो. पण मुंबईत शब्द एकदा रुळला की रुळला, त्यावर रागवण्यात अर्थ नाही.

इराण्याकडे ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, चहात बुडवताना कुणी शिष्टाचार बघत नाही, आणि तिथला पोऱ्याही ओळखीच्या गिऱ्हाइकाचा ‘पानी कम’, म्हणजे कमी पाण्याचा कडक चहा, न सांगता आणतो. तुम्ही त्याच जातकुळीतले. गिऱ्हाइकाचा दुसरा कप कसा लागेल, याची काळजी त्याच्याही आधी करणारी माणसं बिलातल्या कुठल्याच ओळीत दिसत नाहीत.

आपली,
खिडकीजवळच्या टेबलावरची प्रवासी

ता. क. उरलेले दोन स्कोन बांधून देताना जॅम वेगळ्या डबीत दिलात, म्हणून ते ओले झाले नाहीत. ओव्हनमध्ये 150 अंशांवर पाच-सहा मिनिटांत पुन्हा खुसखुशीत झाले. मायक्रोवेव्हमध्ये घातले असते तर निवताच चिवट झाले असते.