माळ्याच्या पत्र्याखाली काय घालावं

भुसावळ,
फेब्रुवारी

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

अमळनेरच्या घरी माळ्यावर पोरीसाठी अभ्यासाची खोली काढतोयस, झकास. पण सध्याच्या गारव्यावर जाऊ नकोस. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा तो पत्रा काय करतो हे तुला मी सांगायला नको.

तुझा अमेरिकेतला पुतण्या 'आर-३८ घाला' म्हणतो. आर म्हणजे थर उष्णता किती अडवतो त्याचं माप, आकडा मोठा तितका थर भारी. तिकडे खरंच फूटभर जाडीचं ग्लासवूल (काचेच्या बारीक तंतूंचा कापसासारखा थर) माळ्यात पसरतात, पण बऱ्याच भागांत मुख्य काळजी असते ती हिवाळ्यात घरातली ऊब राखायची. शिवाय आपल्याकडच्या कागदावरचा आर वेगळ्या एककातला. ५० मिमी ग्लासवूलला १.४ च्या आसपास लिहिलेलं दिसेल, त्याला ५.६८ ने गुणलंस की अमेरिकी आकडा साधारण ८ येतो. ३८ च्या मागे लागलास तर खोलीत उभं राहायला जागा उरणार नाही.

आपलं भांडण उन्हाशी. तापलेला पत्रा शेगडीसारखी खाली धग फेकतो, आणि ती बहुतेक किरणांनीच येते. गरम हवा तर वरच तरंगते. म्हणून पहिला पैसा पत्र्याच्या पाठीवर घाल: पांढरा, ऊन परतवणारा रंग. चुनाही चालेल, पण पावसात धुपतो, दरवर्षी आखाजीच्या आत पुन्हा मारावा लागेल.

मग खालून ॲल्युमिनियम फॉइल. कारागीर ती पत्र्याला चिकटवायला बघेल, चिकटवू देऊ नकोस. मध्ये निदान इंचभर हवा मोकळी हवी, तरच ती धग परतवते. दोन्ही बाजूंनी चकाकणारी घे, म्हणजे वर धूळ बसली तरी खालची बाजू काम करत राहते.

सीलिंगवर ग्लासवूल किंवा रॉकवूल, म्हणजे तसंच पण दगडाच्या तंतूंचं. थर्माकोल स्वस्त म्हणून सगळे तेच सुचवतील. मला पसंत नाही. वायरिंगची एक ठिणगी पुरे, आणि उंदरांची तर चंगळच. मात्र वूल भिजलं की कामातून गेलं, तेव्हा आधी पत्र्याचे हूक-वॉशर बदलून गळती थांबव. वूल पसरताना हातमोजे, तोंडाला फडकं. फार खाजतं भाऊ.

दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत, शिखराजवळ जाळ्या ठेव. पुढच्या धाब्याच्या खोल्यांत मातीचा जाड थर दिवसभर ऊन अडवतो, पण रात्री उशिरापर्यंत उबदार राहतो. पत्रा उलट, झटकन तापतो तसा झटकन निवतो. कोंडलेली हवा बाहेर गेली तर पोरीला रात्री नि पहाटे तिथं बसता येईल. दुपारी मात्र कूलर लागेलच, त्यातून सुटका नाही.

फॉइल, सीलिंग धरून वरून सात-आठ इंच उंची जाईल. वळचणीकडे आत्ता किती उंची आहे ते मोजून कळव, मग वूल ५० मिमी घ्यायचं की ७५ ते ठरवू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिलीप