खोक्यावर वॅट नकोत, मापे हवीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीच्या दिवसांत ध्वनिवर्धकांच्या जाहिरातींत हजारो वॅटचे आकडे ठळक टायपात छापलेले असतात. माझ्याकडील एका जुन्या संचाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावरही ‘2000 वॅट पी.एम.पी.ओ.’ (म्हणजे क्षणभर निघू शकते असे सांगितली जाणारी कमाल शक्ती) असे होते. त्याच्या अडॅप्टरवर मात्र, चष्मा लावल्यावरच दिसेल अशा अक्षरांत, ‘12 व्होल्ट, 2 अँपिअर’, म्हणजे 24 वॅट, असे लिहिले होते. पी.एम.पी.ओ. मोजण्याची सर्वमान्य अशी पद्धतच नसल्याने छापणाऱ्याने मनाला येईल तो आकडा छापावा, असा हा प्रकार आहे. या फसव्या आकड्याविषयी पूर्वीही लिहिले गेले असेल. माझी तक्रार त्याच्या पुढची आहे. जे आकडे खरोखर लागतात, ते मात्र कोणी छापत नाही.

गेल्या वर्षी घरातील संगणकाच्या खोलीसाठी लाकडी सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचे सूर वाजवणारी ध्वनिवर्धकाची पेटी, स्वतः करावा, असे मी ठरवले. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आठ इंची वूफर, म्हणजे पेटीत बसवायचा सुटा स्पीकर, आणला. त्यावर वॅट आणि ओहम एवढेच छापलेले होते. पेटी किती लिटरची करावी, असे विचारले असता ‘टेबलाखाली बसेल एवढी करा’ असे उत्तर मिळाले. त्यात दुकानदाराचा दोष नाही. त्याच्या हाती तरी दुसरे काय होते? त्याप्रमाणे आतून 23 सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंचीची, म्हणजे साधारण 12 लिटरची, बंद पेटी सुताराकडून करून घेतली. सांधे फेविकॉलने पक्के केले, कडा सिलिकॉनने बुजवल्या, आत कापूस भरला. काम सुबक झाले, पण आवाज कानाला नकोसा झाला. तबल्याचा डग्गा असो वा तंबोऱ्याचा खर्ज, सगळे एकाच सुरात घुमू लागले. दोष सुताराचा, प्लायचा की माझ्या कानांचा, हे ठरवण्यात दोन महिने गेले.

शेवटी वूफर पेटीतून काढून मोजायला घेतला. त्याचा पडदा हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला, म्हणजे कॉइलला, मालिकेत एक रोध जोडून संगणकातून एकेक कंप्रतेचा (दर सेकंदाच्या कंपनांच्या संख्येचा) सूर सोडला आणि कॉइलवरील व्होल्टेज मल्टिमीटरवर पाहिले. ते 45 हर्ट्झला सर्वाधिक भरले. ही पडद्याची नैसर्गिक कंप्रता, म्हणजे तो मोकळा सोडल्यास ज्या गतीने आपोआप डोलतो ती. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावली की त्याचा सूर उतरतो, हे आपल्याकडे कोणत्याही भजनी मंडळाला ठाऊक आहे. तीच युक्ती येथे चालते. स्वयंपाकघरातील काट्यावर 15 ग्रॅम कणीक तोलून ती पडद्याच्या मध्याभोवती समान थापली, तेव्हा कंप्रता 36 हर्ट्झवर आली. (घरच्यांनी या प्रयोगाविषयी काय म्हटले, ते येथे देत नाही.) या उताराला पडद्याच्या क्षेत्रफळाची जोड देऊन हिशेब केला, तेव्हा या वूफरच्या पडद्याची लवचिकता सुमारे 30 लिटर हवेइतकी निघाली, म्हणजे पेटीत कोंडलेली तेवढी हवा जितकी दबते, तितकाच हा पडदा दबतो. 45 हर्ट्झच्या आसपास व्होल्टेज कसे चढते-उतरते यावरून त्याचा एकूण ‘क्यू’, म्हणजे पडदा किती वेळ डोलत राहतो याचे माप, 0.55 आले. या तीन आकड्यांवरून चूक उघड झाली. 12 लिटरच्या पेटीत तोच क्यू 1 च्या वर जातो आणि 84 हर्ट्झजवळ आवाजाला फुगवटा येतो. क्यू 0.7 च्या आसपास ठेवायचा, तर पेटी सुमारे 46 लिटरची, म्हणजे आतून 36 सेंटिमीटरची हवी. तशी 18 मिलिमीटरच्या एम.डी.एफ.ची (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीची) पेटी केली आणि डग्गा डग्ग्यासारखा वाजू लागला. दहा फुटी खोली 56 हर्ट्झजवळ स्वतःच घुमते ते वेगळे. त्यासाठी पेटी कोपऱ्यातून हलवावी लागली.

हे आकडे काही गुपित नाहीत. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि पुढे 1970 च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ही मांडणी केली. आज वूफर बनवणारा कोणताही जबाबदार कारखाना ही मापे काढूनच माल तयार करतो. म्हणजे आकडे कारखान्यात असतात, ते फक्त खोक्यापर्यंत पोहोचत नाहीत. अमेरिकेत घरगुती ॲम्प्लिफायरची शक्ती कोणत्या पद्धतीने मोजून जाहीर करावी, याचा नियम 1974 पासून आहे. आपल्याकडे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूच्या दर्जाविषयी माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे आणि वेष्टनावर किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता छापणे तर आधीपासून सक्तीचे आहे.

तेव्हा सुट्या वूफरच्या खोक्यावर नैसर्गिक कंप्रता, एकूण क्यू आणि लिटरमधील लवचिकता ही तीन मापे छापणे बंधनकारक करावे. तयार संचांवर पी.एम.पी.ओ. छापण्यास मनाई करून सलग देता येणारी शक्तीच वॅटमध्ये लिहावी, अशी माझी ग्राहक व्यवहार खात्याला विनंती आहे. तिन्ही मापे एका ओळीत मावतात आणि खोक्याच्या ज्या बाजूवर आज ज्वाळांचे चित्र असते, तेथे जागाही भरपूर आहे.

आपला,
एक वाचक, पुणे