उन्हात पुठ्ठा धरून उभा राहिलास, त्याबद्दल

दादा,

वयाने तू माझ्या मुलाएवढा असशील, पण दुकानात सगळे तुला दादा म्हणत होते म्हणून मीही तेच म्हणते. तुझं किंवा दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, न विचारता चार लोकांत कोणाचं नाव टाकणं मला पटत नाही. ठाण्यात राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीतलं तुझं छोटं दुकान, मे महिन्यातली दुपार, आणि पांढऱ्या शर्टातल्या वडिलांना घेऊन आलेली एक बाई, एवढ्यावर तुला ओळख पटेलच. बाकीच्यांनी हे अशासाठी वाचावं की घरोघरी असे बाबा आहेत, आणि त्यांच्या हातात असे फोन आहेत.

आधी बाबांबद्दल सांगते, कारण तुला त्या दिवशी ते सगळं सांगायला वेळच नव्हता. बाबांची सगळी नोकरी वागळे इस्टेटमध्ये टूलरूममध्ये गेली. मायक्रोमीटर हातात घेऊन शतांश मिलीमीटरचा फरक पकडणारा माणूस. आमच्या घरातली भिंतीवरची फ्रेम जरा जरी तिरकी असली तरी त्यांना जेवण जात नाही. अशा माणसाला गेल्या हिवाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर जो उठतो तो म्हणायला लागला की "यांना दिसत नाही का?" आणि तेही त्यांना नाही, मला विचारायचं, ते शेजारी उभे असताना.

ऑपरेशन उत्तम झालं होतं, दिसायलाही छान लागलं होतं. फक्त रात्री फोन उघडला की पांढरं डोळ्यात घुसतं म्हणायचे, निळसर वाटतं म्हणायचे. त्याचं कारण डॉक्टरांनी नीट समजावलं होतं की वय वाढतं तशी आपल्या डोळ्यातली मूळ भिंग पिवळट होत जाते, ती निळा रंग अडवते, आणि तिच्या जागी स्वच्छ नवीन भिंग बसवली की पांढरं एकदम जास्त पांढरं, निळसर दिसायला लागतं, हळूहळू सवय होते. म्हणजे तक्रार खोटी नव्हती. पण एका दुकानात कव्हर घ्यायला गेलो तर तिथल्या माणसाने ऐकून न ऐकल्यासारखं करून ऑटो ब्राइटनेस बंद केला, वर कुठलं तरी आणखी अंधुक करायचं बटण दाबून ठेवलं आणि जाड काळ्या बॉर्डरची टेम्पर्ड ग्लास चिकटवून दिली. रात्रीचं निभावलं. दिवसाचं सगळं गेलं.

बाबा सकाळी तलावपाळीला जातात, एक फेरी मारतात, कोपिनेश्वराला हात जोडतात आणि मग कट्ट्यावर बसून भजनी मंडळाच्या ग्रुपवरचे मेसेज वाचतात, हा त्यांचा दिवसातला सगळ्यात आवडता तास. तिथे स्क्रीनवर त्यांना स्वतःचाच चेहरा दिसायला लागला. त्याहून वाईट म्हणजे जांभळी नाक्यावर भाजीवाल्याला पैसे देताना कोड स्कॅन केला की रक्कम दिसेना. पन्नास टाकले की पाचशे, कळेना. मागे लोक खोळंबलेले, भाजीवाला "काका झालं का" करतोय, उन्हात घाम फुटलेला. दोनतीनदा असं झाल्यावर त्यांनी फोन घरी ठेवून जायला सुरुवात केली, खिशात परत सुट्टे पैसे. मला म्हणाले, "मला नाही जमत आता ते." बाबांच्या तोंडून "जमत नाही" मी कधी ऐकलेलं नाही. मला ते फार लागलं.

मग आमची दारोदारी सुरू झाली. सर्व्हिस सेंटरवाल्याने फोन हातात घेतला, एसीत बसून तिरका करून बघितला आणि सांगितलं डिस्प्ले गेलाय, बदलायला लागेल, आणि जो आकडा सांगितला त्यात अजून थोडी भर घातली तर नवीन फोन आला असता. दुसरीकडे नवीनच घ्या म्हणाले. भाच्याने ब्राइटनेस ओढून फुल्ल केला, डार्क मोड लावून दिला की डोळ्यांना बरं असतं म्हणून, तर उन्हात काळ्यावरची पांढरी अक्षरं अजूनच दिसेनात. तो बिचारा पोरगा आहे, त्याने त्याला येतं ते केलं, त्याच्यावर राग नाही. राग त्या माणसांवर आहे ज्यांचा हा धंदा आहे, जे खुर्चीत बसून दिवसभर हेच करतात आणि ज्यांनी चार महिन्यांपूर्वी डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसाला एक प्रश्न विचारायची तसदी घेतली नाही. एकाने तर "अंकल, या वयात असं होतंच" म्हणून फोन काउंटरवरून सरकवला. सरकवला, हातात दिला नाही.

आणि तू पहिली गोष्ट काय केलीस, तर फोन बघायच्या आधी बाबांकडे बघितलंस. "आजोबा, फोन कुठे बसून बघता तुम्ही?"

हा प्रश्न तोपर्यंत कोणी विचारलाच नव्हता. बाबांनी तलावपाळी सांगितली, भाजीवाला सांगितला, रात्रीचं सांगितलं, आणि तू मधे न बोलता ऐकलंस. मग ती काळ्या बॉर्डरची ग्लास नखाने उचलून काढलीस आणि बाबांना दाखवलंस की इथे वर, कानाला लावतो त्या जागेजवळ, एक बारीक डोळा असतो फोनचा, उजेड किती आहे ते तो बघतो, आणि या काळ्या पट्टीने तोच झाकलाय. तुम्हाला मोतीबिंदू होता तसा याला झालाय आजोबा, असं म्हणालास आणि बाबा ऑपरेशननंतर पहिल्यांदा दुकानात कोणासमोर मोकळे हसले. त्यानंतर तू सेटिंगमध्ये काय काय केलंस ते मी सगळं सांगत बसत नाही, ते अंधुक करणारं बटण बंद केलंस, ऑटो चालू केलंस, अक्षरं मोठी आणि ठळक केलीस, डार्क मोड काढलास, पिवळसर उजेडाचं वेळापत्रक सूर्यास्तापासून लावलंस. हे कोणीही करू शकला असता. मी पत्र त्यासाठी लिहीत नाहीये.

मी लिहितेय ते पुढच्यासाठी. तू म्हणालास, "ट्यूबखाली नाही कळायचं आजोबा, चला बाहेर." काउंटरवर दुसऱ्या पोराला बसवलंस आणि तीन वाजताच्या उन्हात बाबांना घेऊन दुकानासमोर उभा राहिलास. दुकानात दोन गिऱ्हाइकं थांबलेली होती. आणि उभं राहिल्यावर तुझ्या लक्षात आलं की बाबा डोळा बारीक करतायत, तर तू परत आत गेलास, कव्हरच्या खोक्याचा एक पुठ्ठा आणलास आणि तो बाबांच्या कपाळावर असा तिरका धरलास की डोळ्यावर सावली येईल पण फोनवर येणार नाही. फोनवर ऊन पडलं पाहिजे होतं ना! तेवढा विचार करून धरलास तो पुठ्ठा. तुझ्या स्वतःच्या डोक्यावर ऊन होतं, शर्ट पाठीला चिकटला होता, आणि तू सावकाश सांगत होतास की आता हात ठेवा वरच्या डोळ्यावर, बघा अंधार होतो, काढा, बघा उजेड. बाबांनी परत परत करून बघितलं. मशीन कसं चालतं ते कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, आणि तू त्यांना ते कळू दिलंस. "आता ही ब्राइटनेसची पट्टी तुम्हाला दिसेल एवढी स्वतः सरकवा, हा फोन शिकून घेईल," म्हणालास. सरकवली त्यांनी. स्वतःच्या बोटाने. आणि ग्रुपवरचा सकाळचा अभंग मोठ्याने वाचून दाखवला, भर रस्त्यात.

मला तेव्हा वाटलं की हा मुलगा नुसता चांगुलपणा म्हणून बाहेर आलाय. घरी येऊन मी वाचलं तेव्हा समजलं की त्या बाहेर येण्यात अक्कलही होती. गूगलने २०१८ मध्ये अँड्रॉइड ९ आणलं तेव्हा डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या कंपनीच्या मदतीने ही शिकणारी ब्राइटनेस त्यात घातली, म्हणजे तुम्ही कुठल्या उजेडात पट्टी कुठे सरकवता ते फोन लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तसाच उजेड आला की तेवढंच लावून देतो. दुकानाच्या ट्यूबखाली फार तर काहीशे लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड असतो आणि भर उन्हात लाखभर लक्स. मग दुकानात बसून पट्टी कितीही हलवली तरी फोनला उन्हाचं काय कळणार, त्याला उन्हात नेऊनच शिकवायला लागतं. आणि बऱ्याच फोनमध्ये उन्हातला तो खास जास्तीचा उजेड ऑटो चालू असतानाच मिळतो, हाताने पट्टी शेवटपर्यंत ओढली तरी तिथपर्यंत जात नाही, म्हणून भाच्याचं फुल्ल करणं वाया जात होतं. वर तू हेही सांगितलंस की फोन उन्हात फार तापला की तो स्वतःला जपायला उजेड आपोआप कमी करतो, तेव्हा बिघडला म्हणून घाबरू नका, सावलीत धरा जरा वेळ. सर्व्हिस सेंटरच्या एसीत यातलं एकही कळलं नसतं.

पण खरं सांगू, हे सगळं माहीत असलेला दुसरा कोणी असता तर तो म्हणाला असता, "आजोबा, उन्हात जाऊन सरकवा, होईल." तेही बरोबरच ठरलं असतं. पुठ्ठा आणायची गरज कोणालाच वाटली नसती. तुला वाटली. कोणी शिकवलं तुला हे? तुझ्या आईला, आजीला, ज्यांनी कोणी तुला वाढवलं त्यांना माझा नमस्कार सांग.

हल्ली बँकेत जा, स्टेशनवर जा, कुठेही जा, म्हाताऱ्या माणसाशी बोलायला कोणाला वेळ नाही. सगळं फोनवर नेलंय आणि फोन दिसत नाही म्हटलं की तुमचं वय झालं म्हणतात. अरे, लाइट बिल फोनवर, पेन्शनचा मेसेज फोनवर, डॉक्टरची वेळ फोनवर, मग तो उन्हात दिसणं ही काय चैनीची गोष्ट आहे का? ज्याला फोन दिसत नाही तो घरात बसतो, आणि घरात बसलेला माणूस लवकर खचतो, हे मी माझ्या डोळ्यांसमोर बघत होते. बाबा खचायला लागले होते रे. तू ते थांबवलंस. तुला वाटत असेल मी एक ग्लास बदलली आणि सेटिंग केलं. पैसेही तू फक्त नव्या ग्लासचे घेतलेस, मी जास्त देत होते तर "ताई, कामाचे तेवढेच" म्हणून परत दिलेस.

तू सांगितल्याप्रमाणे त्या रात्री बाबांनी खोलीतला दिवा बंद करून अंधारात पण एकदा पट्टी सरकवून ठेवली. आता रात्री डोळ्यात घुसत नाही म्हणतात, पिवळसर उजेड आवडलाय त्यांना. भाजी परत फोननेच घेतात आणि रक्कम भाजीवाल्याला मोठ्याने वाचून दाखवतात. कट्ट्यावर त्यांनी तीनचार जणांच्या ग्लासा तपासल्या, वरचा डोळा झाकलाय का म्हणून, एकाची झाकलेली निघाली.

त्या गृहस्थांना घेऊन बाबा येत्या शनिवारी संध्याकाळी, ऊन असतानाच, तुझ्याकडे येणार आहेत. दुसऱ्या एकांचा आयफोन आहे, त्यांनाही रात्रीचा त्रास होतो, त्यांचंही बघशील का? आणि पुठ्ठा आणू नकोस, बाबांनी टोपी घेतलीय, एक तुझ्यासाठी पण घेतलीय, ती नाही म्हणू नकोस.

तुझी,
त्या आजोबांची मुलगी, नौपाडा