डिफचं रबर फेकण्याआधी जरा थांबा

मा. संपादक,
स. न.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या स्पोर्ट्स कार मॉडिफाय करण्यावरचा लेख वाचला, फोटो एकदम झकास, पण त्यात एक वाक्य ठोकून दिलंय की पॉवर वाढवली की डिफरन्शियलचे (म्हणजे डिफ, इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांना वाटून देणारा गिअरबॉक्स) रबर माउंट, म्हणजे तो गाडीला धरून ठेवणारे रबरी आधार, फेकायचे आणि सॉलिड, म्हणजे रबर नसलेले नुसते धातूचे टाकायचे, झालं काम. इतकं सोपं असतं तर आमच्या सौ. आजही त्या गाडीत बसल्या असत्या.

माझ्याकडे 1972 ची डॅटसन 240झेड आहे. मी मूळ चिंचवडचा, आता सॅन होजेला असतो, इथे कॅलिफोर्नियात 1975 पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग टेस्ट म्हणजे धुराची तपासणी नाही त्यामुळे मूळचं 2.4 लिटरचं इंजिन काढून 280झेडचं 2.8 टाकलं, वर तीन कार्बुरेटर. (ही गाडी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शेखर मेहता 1973 ची सफारी रॅली हिच्यातच जिंकले होते.) इंजिन मस्त चाललं पण क्लच सोडला की मागून ठक्क! सिग्नलला बाजूच्या गाडीतला माणूस वळून बघायचा.

शेवटी गाडीखाली झोपलो. पुढचं माउंट म्हणजे दोन लोखंडी प्लेटांच्या मधे चिकटवलेलं रबर, ते उभं फाटलेलं, पिनियनच्या (इंजिनकडून जोर आणणारा डिफमधला छोटा गिअर) सीलमधून गळलेलं तेल पिऊन पिऊन पार लिबलिबीत झालेलं. टॉमी (पहार) घालून डिफचं नाक, म्हणजे पुढचं टोक उचललं तर चांगलं बोटभर वर आलं. ज्या गॅरेजला दाखवलं त्यांनी तुमच्या लेखासारखंच सांगितलं, सॉलिड टाका, आणि मीही मान डोलावली.

ठक्क गेला, पण त्याच्या जागी रडगाणं आलं. माझ्या डिफचा रेशो 3.36, म्हणजे पिनियनला 11 दाते आणि चाकांबरोबर फिरणाऱ्या मोठ्या क्राउन गिअरला 37, ताशी 100 ला चाक सेकंदाला साधारण 14 फेरे मारतं, 14 गुणिले 37 करा, सव्वापाचशेच्या आसपास हर्ट्झ येतात. पेटीवर तार सप्तकातली पांढरी एक दाबून धरा आणि अर्धा तास सोडू नका, तो आवाज! आधीही तो होताच, रबर तो गिळत होतं, आता सगळा पत्रा साउंडबोर्ड झाला. सौ. दोनदा बसल्या, तिसऱ्यांदा म्हणाल्या मी बसने येते. आणि नुसता आवाजच नाही, रबर जो झटका खायचं तो आता हाफशाफ्टच्या (डिफपासून चाकापर्यंतचा दांडा) जॉइंटना आणि पन्नास वर्षांच्या जुन्या पत्र्याला बसतो हेही लेखात कुठे नाही.

मग मी कागद घेऊन बसलो, जे आधी करायला हवं होतं. मूळ इंजिनचाच टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर धरा, कंपनीच्या आकड्यात जवळपास 200 न्यूटन मीटर, पहिल्या गेअरचे 3.59 आणि डिफचे 3.36 यांनी गुणा, एक्सलला 2400 च्या घरात जातो. चाकं पुढे फिरतात तेव्हा डिफचं बाहेरचं कवच उलट फिरायला बघतं म्हणजे त्याचं नाक वर उठतं, पुढच्या मागच्या माउंटमधे अर्धा मीटर अंतर धरलं तर जवळजवळ 490 किलोचा जोर वरच्या दिशेने. आणि ते बिचारं रबर बसवलंय नाकाच्या खाली! म्हणजे प्रत्येक वेळी ते दाबलं जात नाही, ओढलं जातं. रबर दाबलं तर वर्षानुवर्षं टिकतं, चिकटवलेलं रबर ओढत राहिलात तर कधीतरी फाटणारच. कंपनीलाही हे कळत होतं, म्हणून तर नाकावरून एक पट्टा दिलेला असतो, पण तो सैल पडतो आणि नाक उठून त्याला धडकतं.

मग सॉलिड काढलं आणि नाकाच्या वर एक ब्रॅकेट लावून त्याच्या आणि डिफच्या मधे रबर टाकलं, म्हणजे नाक उठलं की रबर दाबलं जातं. खाली नवं साधं माउंट आहेच, ते फक्त वजन पेलतं. डिफला मागून धरणारा मिशीसारखा वाकलेला बार असतो त्याचे बुश (टोकांच्या रबरी गोल पट्ट्या) पण नवे रबरचेच टाकले, आणि हो पिनियनचं सील आधी बदललं, नाहीतर नवं रबर पण तेलात भिजलं असतं. आता ठक्क नाही, रडगाणंही जवळपास नाही.

फक्त ट्रॅकवर पळवायची गाडी असेल, हेल्मेट घालूनच बसायचं असेल, तर खुशाल सॉलिड टाका, मी कशाला अडवू. पण रस्त्यावरच्या गाडीला हा सल्ला सरसकट देऊ नका, निदान रबर का फाटतं एवढं तरी दोन ओळीत लिहा.

माझं काढलेलं सॉलिड माउंट इथे गॅरेजच्या फळीवर पडून आहे, लेखक महाशयांना हवं असेल तर कळवा, पोस्टाचा खर्च माझा.

आपला एक वाचक,
सॅन होजे, कॅलिफोर्निया